करंजफाट्याची काच

“गाडी म्होरं जाणार न्हाई,” तो माणूस आमच्या खिडकीशी वाकून इतक्या हलक्या आवाजात म्हणाला, की मला वाटलं गावात कुणीतरी वारलंय.

करंजफाट्याच्या वेशीवर उसाच्या दोन रिकाम्या ट्रॉल्या रस्त्यात आडव्या लावल्या होत्या. पलीकडे भर बाजारपेठेतला रस्ता सकाळच्या उन्हात मोकळा पसरला होता. एक बाई चपला हातात घेऊन तो ओलांडत होती. काय झालं म्हणून मी विचारलं, तर त्या माणसाने ओठांवर बोट ठेवलं.

“दमानं बोला, ताई. पुण्यास्नं सायेब लोक येणार हायत, आवाज मोजाय. मोजून होईस्तोवर गावात टाचणीसुदिक पडाय नगं, अशी बापूसायबांची ताकीद हाय. सगळ्या गाड्या कॅनॉलच्या रस्त्यानं लावून दिल्यात.”

मी शेजारी बघितलं. गिरिधरने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. सकाळपासून तो पहिल्यांदाच हसत होता.

“अहो, ते साहेब लोक आम्हीच,” मी म्हटलं. “आणि आम्हाला गाड्यांचाच आवाज मोजायचाय.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मागच्या सीटवरच्या पेट्यांकडे बघितलं, आणि तेवढ्याच हलक्या आवाजात “मग घोळ झालाय की,” असं म्हणून तो बापूसाहेबांना गाठायला पळाला. पळतानासुद्धा चवड्यांवर पळत होता.

ही बरीच जुनी गोष्ट. तेव्हा मी, म्हणजे उल्का पेंढारकर, आणि गिरिधर हुद्दार पुण्यातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत नोकरीला होतो. रस्त्याकाठच्या इमारतींना तेव्हा नुकतंच काचेचं वेड लागलं होतं, आणि ती काच रहदारीचा आवाज किती अडवते ते मोजणं हे आमचं काम. ऐकायला मोठं वाटतं, करायला सोपं. एक माइक काचेच्या बाहेर, एक आत. बाहेरच्या आवाजातून आतला वजा केला की काचेची लायकी कळते. फक्त वजा करायला आधी बाहेर काहीतरी असावं लागतं. ज्यांच्या नव्या इमारतीची काच मोजायची होती त्या बापूसाहेबांना मी फोनवर सांगितलं होतं, की आम्ही रस्त्याचा आवाज मोजायला येतोय, कामात व्यत्यय येणार नाही एवढं बघा. कोल्हापूरकडच्या माणसाजवळ पाहुण्याने एवढंसं काही मागितलं तर तो काय करून ठेवेल, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं डोकं कामात नव्हतंच. संध्याकाळपर्यंत मला एका स्थळाला होकार किंवा नकार कळवायचा होता. मुलगा सिंगापूरला, बँकेत. रंगरूप, पत्रिका, घराणं, सगळं असं जुळलेलं की आईने मनातल्या मनात पंगतीही उठवल्या होत्या. अडचण एवढीच होती की मला गिरिधर आवडत होता. दोन वर्षं मी त्याच्याबरोबर उन्हातान्हात लोकांच्या गच्च्यांवर माइक उभे करत हिंडले होते, त्याच्या डब्यातली भाजी खाल्ली होती, आणि त्यालाही मी आवडते अशी माझी खात्री होती. खात्री म्हणजे नव्वद टक्के. उरलेले दहा टक्के त्याने तोंड उघडून द्यायचे होते, आणि त्या माणसाने तोंडात मिठाची गुळणी धरलेली. मुळात त्याचा आवाजच असा, की त्याचं बोलणं ऐकायचं तर आधी पंखा बंद करावा लागे.

मग तूच का नाही बोललीस, असं पुढे मला पुष्कळांनी विचारलं. मला बोलायला आवडतं, भांडायला तर त्याहून आवडतं, पण या एका बाबतीत माझा हट्ट होता की आधी त्याने बोलावं. प्रत्येक गोष्ट मीच बोलायची तर मग लग्नसुद्धा मी एकटीनेच करायचं का? म्हणून आदल्या दिवशी पेट्या भरताना मी त्याला सिंगापूरची हकिगत मुद्दाम तिखटमीठ लावून सांगितली. उद्या संध्याकाळी उत्तर द्यायचंय, हेही सांगितलं. वायर गुंडाळता गुंडाळता तो “अच्छा” म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “बॅटऱ्या चार्ज केल्यास ना?” ती वायर त्याच्याच गळ्याभोवती गुंडाळावी असं मला फार वाटलं. पहाटे पुण्याहून निघालो, सातारा गेलं, कराड गेलं, कोल्हापूर मागे पडलं, तरी त्याचं तोंड मिटलेलंच. आता माझ्याकडे करंजफाटा आणि एक दिवस उरला होता.

बापूसाहेब चौगुले लगबगीने आले. सहा फूट उंची, पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, आणि चेहरा परीक्षेत कोरा पेपर देऊन आलेल्या मुलाचा. गावातल्या मुलामुलींना अभ्यासाला शहरात जाऊन राहावं लागू नये म्हणून त्यांनी बाजारपेठेत ही दुमजली अभ्यासिका बांधली होती. वरचा मजला म्हणजे एक लांबलचक हॉल, आणि रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची. अभ्यासिका चालवणार होत्या त्यांच्या थोरल्या बहीण, सगळ्या गावाच्या आक्का. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी भावाला बजावलं होतं, की या रस्त्याचा गोंगाट आत येत नाही असं कुणी जाणत्याने मोजून सांगितल्याशिवाय मी एका मुलाला इथे बसवणार नाही. तेव्हा बापूसाहेबांच्या दृष्टीने आज त्यांचीच परीक्षा होती.

मी त्यांना शक्य तितकं गोड बोलून समजावलं, की आम्हाला शांतता नको, रोजची रहदारी हवी. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“आवाज पायजे व्हय? मग आधी सांगायचं की, मॅडम. आवाजाला काय तोटा हाय आमच्याकडं.”

पण कॅनॉलकडे पाठवलेली रहदारी परत आणायला माणूस गेला तो वेगळीच बातमी घेऊन आला. तो रस्ता एका गाडीपुरता. त्यावर इकडून एसटी आणि तिकडून गुळाचा ट्रॅक्टर समोरासमोर आले होते, मागे दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली होती, आणि मागे कोण सरणार यावर चर्चा चालू होती. एसटीचा ड्रायव्हर म्हणत होता, मी सरकारी आहे. ट्रॅक्टरवाला म्हणत होता, मी इथला आहे. दुपारपर्यंत काही ते सुटत नाही, असं तो माणूस हसत हसत म्हणाला.

बापूसाहेबांनी यावरही तोड काढली. गावाची रहदारी गावच करेल. त्यांनी चारदोन फोन केले, आणि सकाळपासून श्वास रोखून बसलेलं ते गाव एकदम मोकळं सुटलं. ट्रॅक्टर आले, दुधाचा टेम्पो आला, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली आल्या, कुठूनशी एक जीप आली जिला चालू करायला चौघं ढकलत होते. आवाज हवाय एवढंच कळल्यामुळे बँजो पार्टीसुद्धा गणवेश घालून हजर झाली. वाद्यं चालणार नाहीत, फक्त गाड्या, असं मी सांगितल्यावर ते बिचारे बँजो मांडीवर घेऊन समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले. देवळाला घालतात तशी सगळ्या गाड्यांनी अभ्यासिकेला प्रदक्षिणा घालायची, असं ठरलं.

तेवढ्यात गिरिधर गाडीच्या डिकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, “स्टँड राहिला.”

बाहेरचा माइक पहिल्या मजल्याच्या काचेसमोर उंच धरायला लागतो, त्याचा तो स्टँड. दोन वर्षांत हा माणूस एक स्क्रूसुद्धा कधी विसरला नव्हता. त्याच्या पेटीत सुई-दोऱ्यापासून सगळं असे. मी सगळ्यांच्या देखत त्याच्यावर चिडले, आणि तो मान खाली घालून उभा राहिला. बापूसाहेब मध्ये पडले. “काठीच पायजे न्हवं? आवो, सासनकाठी नाचवणारी माणसं हायत आमची. कळकाची काठी देतो, माइक बांधा वर.” जोतिबाच्या यात्रेत उंचच्या उंच सासनकाठ्या तोलून धरणारे दोघं जण पुढे आले. त्यांनी गिरिधरच्या कमरेला उपरण्याचा घट्ट वेढा आवळला, त्यात काठीचा बुडखा बसवला, आणि पाय कसे रोवायचे, नजर कुठे ठेवायची, सगळं शिकवलं. आम्हीच धरतो म्हणत होते, पण माइकपाशी उभं राहून हे गप्प बसतील याची मला खात्री नव्हती. गिरिधरच्या गप्प बसण्याची होती.

मी वर हॉलमध्ये गेले, दारं लावून घेतली आणि आतलं यंत्र सुरू केलं. मोजणी चालू असताना आतल्या माणसाने नुसतं उभं राहायचं असतं. बोलायचं नाही, हलायचं नाही, कागद चाळायचा नाही, आणि दार उघडून बाहेर तर मुळीच जायचं नाही. खूण अशी ठरली होती, की मी हात वर केला की बापूसाहेबांनी टॉवेल खाली करायचा, आणि टॉवेल खाली आला की सगळ्यांनी इंजिनं बंद करायची.

टॉवेल फिरला आणि प्रदक्षिणा सुरू झाली. काय सांगू, ती काच भलतीच चांगली होती. खाली ट्रॅक्टर थरथरत होते, मोटारसायकलवाले मुठी पिळत होते, जीपच्या मागून काळा धूर निघत होता, आणि माझ्यापर्यंत येत होती फक्त शेजारच्या घरात जातं फिरतंय इतपत घरघर. समोर गिरिधर कमरेला काठी लावून उभा. डोक्याला टॉवेलचं मुंडासं बांधलं असतं तर यात्रेतलाच वाटला असता. मला इतकं हसू येत होतं, आणि हसायचं तर नव्हतं. गाल आतून चावून धरले होते.

मग मला दिसलं, की बापूसाहेब गिरिधरच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडून विचारतायत. गिरिधरने मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बोट करून पुन्हा काहीतरी विचारलं. गिरिधर वर माझ्याकडे बघत राहिला. मग दोन्ही हातांनी काठी धरून तो त्यांच्या कानाकडे वाकला, आणि त्याच्या मानेची शीर टरारून फुगली. त्याला मानेत अशी शीर आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

नेमकी त्याच वेळी माझ्या नाकावर माशी बसली. मी ती हाकलली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टॉवेल खाली आला. गाड्या जागच्या जागी थांबल्या, धूर विरला, आणि गिरिधरचं तोंड मात्र अजून उघडंच होतं. त्याने ते मिटलं तोवर फार उशीर झाला असावा. ट्रॅक्टरवाल्यांनी, मोटारसायकलवाल्यांनी, पायरीवरच्या बँजोवाल्यांनी, सगळ्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं. मग एकेकाची मान सावकाश वर झाली आणि सगळं गाव माझ्याकडे बघू लागलं.

मी ओढणी चाचपली. कुर्त्याची शिवण चाचपली. मागे वळून बघितलं, की माझ्यामागे कुणी उभं आहे की काय. चहाचं तबक घेऊन आलेल्या आक्कांनी ते ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवलं आणि दोन्ही हात स्वतःच्या गालांना लावले. बापूसाहेबांनी तर टोपीच काढली. गिरिधर कानापासून मानेपर्यंत लाल झाला होता आणि काठीमागे लपायचा प्रयत्न करत होता. बांबूच्या काठीमागे माणूस किती लपणार. काय झालं, असं मी हातांनी विचारलं, तर वीस-पंचवीस माणसांनी एकदम हात हलवून सांगितलं, काही नाही, काही नाही. बापूसाहेबांनी घाईघाईने टॉवेल फिरवला आणि प्रदक्षिणा पुन्हा सुरू झाली. या खेपेला रंग काही निराळाच होता. प्रत्येक गाडीवाला काचेखालून जाताना वर बघून हसत होता, आणि दुधाच्या टेम्पोवाल्याने तर मला सलाम ठोकला.

मोजणी उरकून मी खाली आले. गिरिधरला विचारलं, मघाशी माइक पडला का. तो नाही म्हणाला. मग सगळे काय बघत होते. तो म्हणाला, “ऊन फार आहे ना.” याचा त्याचा काय संबंध ते मला अजूनही कळलेलं नाही.

जेवण आक्कांकडे होतं. तिथे तर कहरच. बापूसाहेब आणि ते काठीवाले गिरिधरला मध्ये बसवून आग्रह करत होते. त्याची वाटी रिकामी व्हायच्या आत कुणीतरी रस्सा ओतायचं आणि म्हणायचं, “घ्या सायेब, ताकद लागंल.” जो तो येताजाता त्याची पाठ थोपटून जात होता. मला आक्कांनी पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, आणि नारळ आणि खण माझ्या ओटीत घातला.

“आक्का, माझं अजून लग्न झालेलं नाही,” मी म्हटलं.

“माहीत आहे की. सगळं माहीत आहे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

मी रडकुंडीला आले होते. माझ्याबद्दल काहीतरी असं आहे जे सगळ्या करंजफाट्याला माहीत आहे आणि मला नाही, एवढं मला कळत होतं. आणि घड्याळ काही माझ्यासाठी थांबलेलं नव्हतं. आई दर थोड्या वेळाने मिस कॉल देत होती.

जेवणानंतर हॉलमध्ये बसून आम्ही दोन्ही यंत्रं लॅपटॉपला जोडली. आतलं माझं, बाहेरचं त्याचं. वजाबाकी झाली. काच उत्तम पास झाली. मी आक्कांना तसं सांगितलं, त्यांनी भावाकडे बघून मान डोलावली, आणि बापूसाहेबांनी तिथल्या तिथे काचेला नमस्कार केला. इथपर्यंत सगळं छान झालं. मग मी बाहेरच्या आवाजाचा आलेख उघडला.

गाड्यांचा आवाज म्हणजे एक सलग डोंगर होता. मध्येच एक खड्डा, म्हणजे मी माशी हाकलली ती जागा. आणि त्या खड्ड्याच्या अगदी सुरुवातीला एक सुळका. एकटाच, उंच. सत्त्याहत्तर डेसिबल. आतल्या आलेखात त्या जागी काही म्हणजे काही नव्हतं. काचेने ते पुरतं गिळलं होतं.

“गिरिधर, इथे काय झालं?”

“काही नाही. तेवढा भाग काढून टाकू.”

“कारण कळल्याशिवाय भाग काढायचा नाही. तूच शिकवलंस मला.”

तो उठला. “काठी परत करायचीय,” म्हणाला आणि जवळजवळ पळतच खाली गेला.

आमची ती जुनी यंत्रं फक्त आवाजाची पातळी लिहीत. आवाज काय होता ते त्यांना सांगता येत नसे. म्हणून मी माणसांना विचारलं. बापूसाहेब छताकडे बघत म्हणाले, “मॅडम, ते आमचं बोलणं न्हवं. ज्येचं हाय त्येनं बोलावं.” दारात उभ्या असलेल्या बँजोवाल्यांनी एकजात माना हलवल्या. शेजारची आमटी अळणी झाली तर संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळावं, असलं ते गाव, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. शेवटी मी आक्कांचे हात धरले.

“आक्का, तुम्ही तरी सांगा. मला आज फार मोठं उत्तर द्यायचंय.”

“पोरी, मी जन्मात कुठल्या मुलाला उत्तर सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “गणित समोर आहे ना? मग सोडव की.”

आणि त्यांनी सगळ्यांना हॉलमधून हाकलून बाहेर नेलं.

मी एकटी त्या सुळक्यासमोर बसले. सत्त्याहत्तर. माइक पहिल्या मजल्याच्या उंचीवर, आणि ओरडणारा खाली रस्त्यात. म्हणजे त्याच्या तोंडापाशी हा आवाज केवढा असेल? मी सवयीने हिशेब केला, आणि तो पुन्हा एकदा करून बघितला. पंखा बंद करून ऐकावा लागणारा माणूस जिवाच्या आकांताने ओरडला होता. माझ्याकडे बघून. एक स्क्रू न विसरणारा माणूस माझं सिंगापूर ऐकल्यावर अख्खा स्टँड पुण्यात विसरून आला होता, आणि मी त्याला चारचौघांत झापलं होतं. उरलेले दहा टक्के मी दोन वर्षं शब्दांत शोधत होते, आणि ते इथे आकड्यात लिहिलेले होते. मला एकदम इतका आनंद झाला, की मी त्या रिकाम्या हॉलमध्ये स्वतःभोवती एक गिरकी घेतली. खाली बँजोवाले काचेतून बघत होते. बघेनात का.

फोन वाजला. आई.

“उल्का, त्यांचा फोन येईल आता. होकार कळवायचा ना?”

“नाही, आई. नकार कळव.”

“अगं पण का? त्या मुलात वाईट काय आहे?”

“काही वाईट नाही. चांगला मुलगा आहे. पण इथे गिरिधर ओरडला.”

“कोण, तो तुमच्यातला गरीब? कुणावर ओरडला?”

“कुणावर नाही. नुसता ओरडला.”

“काय ओरडला?”

“ते अजून कळलं नाही.”

आई जपून म्हणाली, “उल्का, तू जेवलीस ना?”

मी जेवले, पांढरा रस्सा होता, घरी आल्यावर सगळं सांगते, असं सांगून फोन ठेवला आणि जिना उतरले. खाली बापूसाहेबांच्या माणसांनी ट्रॉल्या बाजूला ओढायला घेतल्या होत्या. कॅनॉलवरची चर्चा सुटली होती म्हणे. एसटीवाला आणि ट्रॅक्टरवाला मामाच्या गावाकडून नातेवाईक निघाले आणि दोघंही मागे सरले.

गिरिधर काचेखाली तसाच उभा होता. त्या दोघांनी आवळलेली उपरण्याची गाठ त्याला सुटत नव्हती, म्हणून काठीही निघत नव्हती, आणि मदत मागायची तर त्यासाठी बोलावं लागलं असतं. गाव आजूबाजूला होतं. कुणी दुकानाच्या फळ्या पुसत होतं, कुणी काही बिघाड नसलेली मोटारसायकल उगाच तपासत होतं. आक्का माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या, पण मान वळलेली होती.

“आईला नकार कळवला,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. “पण मी काय बोललो ते तू ऐकलंच नाहीस,” तो म्हणाला.

“मग सांग ना.”

त्याने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी वेशीवरून एसटी आली. समोरच्या बाजूने गुळाचा ट्रॅक्टर, दोघांच्याही मागे सकाळपासून अडकून पडलेली सगळीच्या सगळी रांग, आणि प्रत्येकाने आपला सकाळपासूनचा राग हॉर्नवर काढायचा असं जणू ठरवूनच आलेले. खिडक्यांची तावदानं थरथरली. गिरिधरचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं.

“मोठ्याने,” मी ओरडले.

तो पुन्हा बोलला. मी कानाला हात लावून मान हलवली. रस्त्यापलीकडून बापूसाहेबांनी टॉवेल वर नेला होता, गाड्या थांबवायला. मी त्यांना हातानेच नको म्हटलं. दोन वर्षं थांबले होते, मला ते पूर्ण जोरात ऐकायचं होतं.

गिरिधरने डोळे मिटले. मानेची शीर फुगली.

“मी म्हणालो, ती संध्याकाळी दुसऱ्याला हो म्हणणार आहे, आणि मी इथे काठी धरून उभा आहे!”

एसटीच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला.

“मग ठेव की खाली,” मी म्हटलं, आणि गाठ सोडायला पुढे झाले.